दोनशे चारमधली पट्टी

माझं डोकं तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. सत्तावीस वर्षं शहराची बस चालवतोय, आणि रोज कुणीतरी आडवं येतंच. तेव्हा ताईची ही हकिकत सांगताना माझा आवाज चढला तर चढू दे. ज्यांच्यावर चढेल त्यांची तीच लायकी आहे.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि वडील कामापेक्षा बाकड्यावर बसलेले जास्त. ताईनं शाळा सोडली आणि गल्लीतल्या एका रंगाऱ्याच्या हाताखाली उभी राहिली. लोक हसले. पोरगी शिडीवर चढणार म्हणे! ती चढली, आणि पुढची चाळीस वर्षं उतरली नाही. माझं जेवण, माझी पुस्तकं, माझं बसचं लायसन्स, सगळं त्या शिडीवरून आलं. माझं लग्नही तिनंच लावून दिलं. ते टिकलं नाही, पण त्यात तिचा काही दोष नव्हता. तो विषय नको.

तिची कामाची एक रीत होती. घर केवढंही असो, त्याला लागणारा सगळा रंग ती आधी एका पिंपात ओतायची आणि लाकडी फळीनं अर्धा तास ढवळत बसायची. डब्यावरचा नंबर एकच असला तरी डब्याडब्यात रंग केसभर इकडेतिकडे असतो. एकेक डबा फोडून लावत गेलं की संध्याकाळी काही कळत नाही, पण सकाळचा उजेड पडला की भिंत ठिगळ लावल्यासारखी दिसते. म्हणून आधी पिंप, मग ब्रश. ते निळं प्लास्टिकचं पिंप ती स्वतःच कामावर घेऊन जायची. सगळे तिला पिंपबाई म्हणायचे. ठेकेदार वैतागायचे, "अहो पिंपबाई, अर्धा तास गेला!" ही म्हणायची, "तुमचा अर्धा तास जातो, त्या माणसाची दहा वर्षं जातात त्या भिंतीकडे बघण्यात."

आणि ही बाई राहायची कुठे? पंक्चरच्या दुकानावरच्या खोलीत, माझ्याबरोबर. खाली कॉम्प्रेसर सुरू झाला की ताटातला चमचा वाजायचा. मागच्या भिंतीला ओल, पोपडे असे की हात लावला तर ओंजळभर खाली. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या भिंती गुळगुळीत करणाऱ्या बाईला स्वतःच्या खोलीला रंग लावायची चोरी होती. घरमालकानं तोंडावर सांगितलं होतं, "रंग लावलात तर खोली चांगली दिसेल. मग मला भाडं वाढवावं लागेल." वर हसला. त्याच्या त्या हसण्याची आठवण आली की आजही माझ्या हातून हॉर्न जरा जास्त वाजतो.

अशात पालिकेनं ती योजना काढली. शहराची एक मोकळी जागा होती, जुना बसडेपो. आमचाच. तिथं अठ्ठेचाळीस घरं बांधायची. पालिका ठेकेदाराला जागा देणार, स्वस्तात पैसा देणार, आणि त्या बदल्यात त्यानं निम्मी घरं, म्हणजे चोवीस, कमी कमाईच्या लोकांना कमी किमतीत द्यायची. पैसा एकदम नाही, हप्त्यानं. पाया झाला की एक, छत पडलं की एक, आणि सगळ्यात मोठा हप्ता शेवटचा: ही चोवीस घरं आतून रंगासकट तयार झाली, असं पालिकेच्या इंजिनिअरनं बघून, फोटो काढून लिहून दिलं की. कागदावर सगळं चोख. कागदावर मीसुद्धा चांगला नवरा होतो.

ताईनं अर्ज भरला. मला भरता येईना, पालिकेच्या नोकराला या योजनेत घर नाही. सोडत निघाली आणि ताईला तिसऱ्या मजल्यावरचं तीनशे सहा लागलं. ती तेव्हा सत्तावन्न वर्षांची होती. माझी ताई सहजी रडत नाही. त्या दिवशी तिनं कपाटातून रंगांचं कार्ड काढलं, ते दुकानात मिळतं ना, चौकोनी चौकोनी रंगांचं, आणि रात्रीचं जेवण होईपर्यंत ते उलटंपालटं करत बसली. हजार घरांचे रंग ठरवलेली बाई, पण स्वतःच्या घराचा ठरेना. चार दिवसांनी एका चौकोनाचा कोपरा तिनं दुमडला. "उत्तरेची खिडकी आहे. उजेड कमी. हाच बरा," म्हणाली. फिकट पिवळा, लोण्यासारखा.

शेजारचं तीनशे पाच शिंपीणबाईला लागलं. दोन गल्ल्या सोडून राहायची, नवऱ्याचं दुखणं काढत दिवसभर मशीन चालवायची. दोघींनी चपलांचं कपाट मधल्या भिंतीला ठेवायचं, हेसुद्धा ठरवून टाकलं. घराला अजून दारं नव्हती.

आता त्या ठेकेदाराबद्दल. त्याला आम्ही साखऱ्या म्हणायचो. बोलणं इतकं गोड की ऐकून दात दुखावे. "ताई, तुमच्याच घरांना तुमचाच हात लागू दे," असं म्हणत त्यानं रंगाचं काम ताईला दिलं. सुरुवात दुसऱ्या मजल्यावरच्या दोनशे चारपासून. ताईनं हिशोब करून नऊ डबे मागितले. त्यानं आठ दिले. नववा आज येतो, उद्या येतो. ताईनं आठ पिंपात ढवळले आणि काम सुरू केलं. खिडकीवरचा पट्टा राहिला आणि रंग संपला. नववा डबा आला तो संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सकाळी फोटोवाले येणार होते.

"अख्खी भिंत परत मारते," ताई म्हणाली.

"अहो कशाला! तेवढीच पट्टी भरा. फोटोत काय दिसतंय?"

आणि ताईनं भरली. आयुष्यात पहिल्यांदा. खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत हातभर रुंद पट्टी, बाकीच्या भिंतीपेक्षा एक छटा गडद. सकाळी उजेड पडला आणि ती दिसली. ताई घरी येऊन जेवली नाही. "मी नाही म्हणायला हवं होतं रे," एवढंच म्हणत राहिली. मी म्हटलं, हातभर पट्टीचं काय घेऊन बसलीस! तिनं माझ्याकडे असं बघितलं, जशी मी प्रवासी चढायच्या आत बस हाकली होती.

दोन दिवसांनी साखऱ्यानं गोड आवाजात सांगितलं की बाकीच्या घरांचं काम दुसऱ्या टोळीला दिलंय, ताईंनी आता आराम करावा. ताईची खात्री झाली की हे त्या पट्टीमुळे. चाळीस वर्षांत तिला कामावरून कुणी काढलं नव्हतं. पुढचे चार महिने ती त्या रस्त्यानं गेलीसुद्धा नाही. पिंप कोपऱ्यात उलटं पडून होतं, त्यावर माझी गणवेशाची टोपी असायची.

त्यातच घरमालकानं सांगितलं की इमारत विकतोय, सहा महिन्यांत खोली खाली करा. मी भांडलो, काही उपयोग झाला नाही. ताई म्हणाली, "भांडू नकोस. तोवर तीनशे सहा होईल." आमचं सगळं आता त्या तीनशे सहावर होतं. दुसरीकडे भाडं विचारून बघितलं होतं, ते ऐकूनच मी चालत परत आलो होतो.

मग पालिकेच्या सभागृहात शेवटच्या हप्त्याची बैठक ठरली. ज्यांना घरं लागली त्यांनाही बोलावलं. का, तर टाळ्या वाजवायला! पुढे लांब टेबल, त्याच्यामागे समितीचे लोक, पाण्याच्या बाटल्या. आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींना फळ्यांवर चोवीस मोठे फोटो टाचलेले. प्रत्येक फोटोत एक खोली, उघड्या दारावर नंबर, भिंत, खिडकी. लोक आपापला नंबर शोधत होते. शिंपीणबाई तीनशे पाचसमोर उभी राहून डोळे पुसत होती. मी ताईला म्हटलं, "चल, आपलं बघू."

ताई तीनशे सहासमोर उभी राहिली. बराच वेळ. मग तीनशे पाचकडे गेली. मग दोनशे सात. मग ती जवळजवळ पळतच सगळ्या फळ्यांवरून फिरली आणि परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता.

"ही माझी पट्टी आहे," ती म्हणाली.

"कुठली?"

"सगळीकडे. खिडकीवर बघ. हे सगळं दोनशे चार आहे. दारावरचे नुसते नंबर बदललेत."

मी बघितलं. एकदा कळल्यावर दुसरं काही दिसेना. कुठे खुर्ची ठेवलेली, कुठे पडदा सरकवलेला, कुठे कुंडी. पण खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत तीच हातभर गडद पट्टी, चोवीस वेळा. दुसरी टोळी वगैरे काही नव्हतीच. एकच घर तयार होतं, आणि त्या एका घराला चोवीस करून हा हरामखोर शहराचा पैसा उचलायला आला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि तरीही मी काय केलं, ते आता ऐका. तेवढ्यात सगळ्यांना खुर्च्यांवर बसवून टेबलामागून कुणीतरी हप्ता मंजूर असल्याचं वाचायला लागलं होतं. ताई उठली. मी तिचा हात धरला आणि खाली ओढला. जोरात. "बस खाली," मी म्हणालो. "हप्ता थांबला तर घर गेलं. आणि मी पालिकेचा नोकर आहे, माझी नोकरी जाईल. पैसा मिळाला की तो बांधेल बाकीचं. बस!"

ताईनं माझ्याकडे बघितलं, एकेक करून माझी बोटं सोडवली, आणि उभी राहिली.

"मी रंगारी आहे," ती म्हणाली. "दोनशे चारचा रंग मी लावलाय. तिथं माझ्या हातून चूक झाली. खिडकीवर पट्टी राहिली. ती चूक या चोवीसही फोटोंत आहे. मी एकच घर रंगवलं होतं. चोवीस ठिकाणी मी तीच चूक केलेली नाही."

साखऱ्या हसत उठला. "बाईंना आम्ही कामावरून कमी केलं होतं, म्हणून जरा नाराजी आहे. समजू शकतो."

इंजिनिअर म्हणाला, "प्रत्येक घर मी स्वतः जाऊन पाहिलंय. खाली सही आहे माझी."

टेबलाच्या मधोमध बसलेला साहेब म्हणाला, "बाई, तुमची तक्रार लेखी द्या."

"लिहून काय देऊ?" ताई म्हणाली. "भिंत तिथंच आहे. वीस मिनिटांवर. चला ना."

आणि मग आमचेच लोक ओरडायला लागले. साखऱ्यावर नव्हे, ताईवर! "खाली बस गं!" "आमची घरं बुडवतेस का?" सगळ्यात मोठा आवाज शिंपीणबाईचा. "तुझ्या एका पट्टीपायी आमच्या तोंडचा घास काढतेस?" ताई तशीच उभी. मी खुर्चीत. माझी मान खाली होती, आणि त्यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

टेबलाच्या टोकाला अर्थखात्याच्या एक बाई बसल्या होत्या, वयस्कर, चष्मेवाल्या. त्या बाटलीचं झाकण लावून उठल्या, पर्स खांद्याला अडकवली आणि म्हणाल्या, "चला. पैसे सोडायच्या कागदावर सही माझी लागते. मला भिंत बघायचीय." साहेब काहीतरी बोलायला गेला. बाई तोवर दारात पोचल्या होत्या.

दोनशे चार उघडलं. पट्टी होती. दोनशे पाच उघडायची गरजच नव्हती, त्याला दार नव्हतं. आत सिमेंटच्या गोणी, कच्च्या विटा. आम्ही तिसऱ्या मजल्यावर गेलो. तीनशे सहामध्ये जमीनसुद्धा झाली नव्हती, खिडकीच्या भोकातून वारा येत होता. ताई उत्तरेच्या त्या भोकाशी जाऊन उभी राहिली आणि उजेड कसा येतो ते बघत राहिली. अर्थखात्याच्या बाईंनी इंजिनिअरला विचारलं, "तुम्ही हे पाहिलं होतं?" साखऱ्याचं गोड बोलणं संपलं होतं. तो फोनवर कुणाला तरी शिव्या देत खाली उतरला.

हप्ता थांबला. काम थांबलं. वाटलं असेल तुम्हाला की आता सत्याचा विजय वगैरे. कसला विजय! चौकशीला दोन वर्षं लागली. साखऱ्यानं दंड भरला आणि आज तो दुसऱ्या एका शहरात परवडणारी घरं बांधतोय, पालिकेच्याच पैशानं. इंजिनिअरची बदली झाली, आणि बदलीबरोबर बढतीही. अर्थखात्याच्या बाई निवृत्त झाल्या. माझी नोकरी? कुणी हातसुद्धा लावला नाही. ज्या भीतीनं मी ताईचा हात ओढला, ती भीती साफ फुकट होती.

आम्ही खोली सोडली. शहराबाहेर, जिथं माझी बस वळते त्याच्याही पुढे, पत्र्याच्या दोन खोल्या घेतल्या. लोकांनी सगळं खापर ताईवर फोडलं. सामान हलवायच्या दिवशी शिंपीणबाई आमच्या दारात येऊन तोंडाला येईल ते बोलली. ताई भांडी बांधत होती. तिनं वर बघितलं नाही.

तीन वर्षांनी नव्या ठेकेदाराकडून इमारत पुरी झाली. नवी सोडत. जुन्यांना पहिला मान, पण एक नवी अट: वय साठच्या आत, कारण बँक त्यापुढे कर्ज देत नाही. पालिकेच्या अर्जांच्या खिडकीवरच्या माणसानं ताईचा कागद बघितला आणि म्हणाला, "आठ महिन्यांनी हुकलात, बाई." असं म्हणाला, जशी तिची गाडी सुटली होती! मी काचेवर मूठ मारली. म्हटलं, तीन वर्षं तुम्ही झोपा काढल्या, त्यात हिचं वय वाढलं, हा काय हिचा गुन्हा? चोर पकडून दिला हिनं, तुमचा पैसा वाचवला हिनं, आणि घर द्यायची वेळ आली की हिचं वय मोजता? तो म्हणाला, नियम आहे. मी दुसरी मूठ उगारली. ताईनं माझं मनगट धरलं.

"काच घाण होतेय," ती म्हणाली. "पुसायला कुणीतरी बाईच येणार."

मागच्या महिन्यात दारावर टकटक झाली. शिंपीणबाई. केस पांढरे झाले होते, नवरा गेला होता. हातात कसलीशी पिशवी, नजर जमिनीवर. नव्या सोडतीत तिला घर लागलं होतं. नंबर बदलले होते सगळ्यांचे. तिला तीनशे सहा आलं होतं.

"पालिकेनं नुसता चुना मारून दिलंय," ती म्हणाली. "रंग करायचाय. दुसऱ्या कुणावर विश्वास नाही बसत."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "तुला लाज नाही वाटत? भर सभेत हिला खाली बस म्हणून ओरडलीस, दारात येऊन शिव्या घातल्यास, आणि आता हिच्याच घराला हिच्याकडून रंग लावून घेतेस? चल, चालू लाग!"

शिंपीणबाई वळली. ताई म्हणाली, "थांब गं." मग माझ्याकडे बघून, अगदी हळू म्हणाली, "ती लांबून ओरडली होती रे. माझा हात कुणी ओढला होता?"

तीन वर्षांत एकदाही तिनं हे काढलं नव्हतं. मला वाटत होतं ती विसरली. शिंपीणबाई पिशवी धरून उभीच.

ताईनं कपाट उघडलं, रंगांचं जुनं कार्ड काढलं आणि दुमडलेला कोपरा सरळ करत तिच्यासमोर धरलं. "उत्तरेची खिडकी आहे, उजेड कमी. हा लाव. नऊ डबे आण, आठ नको."

दुसऱ्या दिवशी मी पाळी बदलून घेतली. निळं पिंप खांद्यावर घेऊन तीन जिने चढलो. लिफ्ट बंद होती, तिचा हप्ता म्हणे अजून सुटायचाय. ताई माझ्यामागून कठडा धरून येत होती, प्रत्येक मजल्यावर थांबत. दोनशे चारच्या दारापाशी ती जरा जास्त थांबली. आत कुणीतरी राहायला आलं होतं, रेडिओ वाजत होता.

तीनशे सहामध्ये ती थेट खिडकीपाशी गेली. उजेड बघितला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "उभा काय राहिलास? डबे फोड. सगळे."

मी नऊच्या नऊ फोडले, पिंपात ओतले आणि फळी हातात घेतली. अर्धा तास ढवळलं. ती थांब म्हणेपर्यंत थांबलो नाही.